जातिवंत कुत्रा आणि बेताचा पैसा : किंमत नेमकी कशाची?



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून काहींच्या भुवया वर गेल्या असतील. इतिहासाच्या मालेत कुत्र्याच्या खरेदीचे काय काम, असे वाटणे साहजिक आहे. पण आपण प्रश्न आधी नीट मांडू, आणि मग तो इतिहासाचा आहे की नाही ते बघू.

एक साधे घर घ्या. दोन खोल्या, एक पगार, फार तर दीड. मुलांनी कुत्र्याचा हट्ट धरलाय, आणि तो 'जातिवंत'च हवा म्हणतात. वडील चौकशीला जातात तेव्हा विकणारा पहिलाच प्रश्न विचारतो, "पेपरवालं पिल्लू पाहिजे का विदाउट पेपर?" दोन्हींचे दर वेगळे. आणि कित्येकदा दोन्ही पिल्लं दिसायला सारखी, वयानं सारखी, कधी कधी तर एकाच वेताची असतात. मग मधल्या फरकाचे पैसे कशाचे? रक्ताचे, रूपाचे, स्वभावाचे, का कागदाचे? खिसा भरलेला असतो त्याला हा प्रश्न पडत नाही. तो दोन्ही पैसे देऊन मोकळा होतो. बेताचा पैसा असलेल्यालाच तो पडतो. म्हणून आज आपण हा प्रश्न त्याच्या बाजूने विचारणार आहोत.

जाती आणि उपाधी

आम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी न्यायदर्शन शिकू लागतो तेव्हा एक भेद सुरुवातीलाच शिकवला जातो : 'जाती' आणि 'उपाधी'. सगळ्या गायींमध्ये जे गायपण असते ते एकच, कायमचे, आपल्या सोयीवर न ठरणारे. ती जाती. उलट 'स्वयंपाकी असणे' हा धर्म माणसाला त्याच्या कामामुळे लागतो. काम सुटले की तोही सुटतो. ती उपाधी. नैयायिकांनी या भेदावर पुष्कळ खल केला आहे, आपण त्यात शिरणार नाही. आपल्याला एवढेच विचारायचे आहे की कुत्रेपण ही जाती मानली, तर 'लॅब्राडॉरपण', 'पॉमेरियनपण' हे काय आहे? मराठीत आपण सरळ 'कुत्र्याची जात' म्हणतो आणि शब्दच आपल्याला फसवतो. जात म्हटली की ती अनादि वाटते. इतिहास सांगतो की बहुतेक जातींचे वय दीडशे वर्षांच्या आसपास आहे, आणि त्यांचा जन्म कुठे झाला, कुणी नाव ठेवले, हे आपल्याला बरेचसे माहीत आहे.

इंग्लंडमध्ये पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळी जॉन कीझ नावाचे एक विद्वान वैद्य होते. त्यांनी १५७० साली ब्रिटनमधल्या कुत्र्यांवर लॅटिनमध्ये एक छोटे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात कुत्र्यांची वर्गवारी आहे, आणि ती प्रामुख्याने कामावरून आहे. वास काढणारे, नजरेने पाठलाग करणारे, मेंढरे राखणारे, दारात बसून भुंकणारे, बायकांच्या मांडीवर बसणारे. एक तर स्वयंपाकघरातले चाक फिरवणारा कुत्रा! चाकात धावायचे आणि त्यावर जोडलेली मांसाची सळई विस्तवावर फिरत ठेवायची, हे त्याचे काम. या यादीत कुत्र्याची किंमत त्याच्या कामावर आहे. आजोबा कोण, हा प्रश्न नाही. पुढे यंत्र आले आणि चाक फिरवणारा कुत्रा संपला. काम गेले, तसा तो प्रकारही गेला. नैयायिक असते तर म्हणाले असते, बघा, ही उपाधीच होती.

वंशावळ लिहून ठेवण्याची पद्धत आधी घोड्यांत रुजली. शर्यतीच्या घोड्यांची 'जनरल स्टड बुक' नावाची वंशनोंदवही इंग्लंडात १७९१ पासून निघू लागली. शिकारी कुत्र्यांचे मोठे कळप बाळगणारे सरदार आपापल्या कळपांच्या नोंदी ठेवत. पण हे सगळे जमीनदारांच्या अंगणातले. सामान्य माणसाच्या कुत्र्याला वही नव्हती, आणि तिची गरजही नव्हती.

बाजार आणि फसवणूक

गरज निर्माण झाली ती शहरांमुळे. एकोणिसाव्या शतकात कारखाने वाढले, लंडन फुगत गेले आणि हातात चार पैसे असलेला नवा मध्यमवर्ग तयार झाला. त्याला कुत्रा हवा होता, पण शेत राखायला नाही, घराची शोभा म्हणून. आणि त्याला कुत्र्यातले काही कळत नव्हते. ज्या बाजारात घेणाऱ्याला माल कळत नाही तिथे काय होते, ते आपल्याला आंब्याच्या सीझनमध्ये चांगले कळते. पेटीवर 'देवगड हापूस' लिहिलेले असते; आत कुठला आंबा आहे ते घरी गेल्यावर!

हेन्री मेह्यू या पत्रकाराने लंडनमधल्या गरीब कष्टकऱ्यांवर मोठा ग्रंथ लिहिला, तो १८५१ मध्ये पुस्तकरूपाने आला. त्यात रस्त्यावर कुत्री विकणारे आहेत, आणि कुत्री चोरून मालकाकडूनच सोडवणुकीचे पैसे घेणारेही आहेत. हा धंदा इतका बोकाळला होता की १८४५ मध्ये कुत्राचोरीविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. कवयित्री एलिझाबेथ बॅरेट हिचा 'फ्लश' नावाचा स्पॅनियल तीनदा पळवला गेला. तिसऱ्या वेळी, १८४६ मध्ये, तिने सहा गिनी मोजून तो सोडवून आणला. आपल्या विषयासाठी मुद्दा असा की कुत्रा आता चोरण्याजोगा ऐवज झाला होता. आणि ऐवज झाला की खऱ्याखोट्याचा प्रश्न येतोच. केस रंगवायचे, नको ते केस उपटायचे, कान कापून आकार द्यायचा, एका नावाचा कुत्रा दुसऱ्या नावाने खपवायचा.

याच सुमाराला प्रदर्शनं सुरू झाली. जून १८५९ मध्ये न्यूकॅसल इथे भरलेले प्रदर्शन हे आधुनिक पद्धतीचे पहिले मानतात. पॉइंटर आणि सेटर या दोनच शिकारी प्रकारांसाठी ते होते, साठ कुत्री आली होती आणि बक्षीस होते बंदूक. यातली गंमत बघा. पॉइंटरच्या पंचाचा कुत्रा सेटरांत पहिला आला आणि सेटरच्या पंचाचा कुत्रा पॉइंटरांत! शुद्धतेच्या इतिहासाचा श्रीगणेशा असा झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डार्विनचा 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' प्रसिद्ध झाला. जाती स्थिर नसतात, त्या बदलत घडत जातात, हे तो ग्रंथ सांगत होता. आणि पहिल्याच प्रकरणात त्याने दाखले दिले होते ते कबुतरांसारख्या माणसाने पाळलेल्या प्राण्यांचे. म्हणजे एकाच वर्षी, एकाच देशात, एक ग्रंथ जातींच्या भिंती पाडत होता आणि एक छंद त्या भिंती बांधायला बसला होता.

१८७३ : एक वर्ष, दोन वाटा

आता आपण आजच्या विषयाच्या गाभ्याशी आलो. १८७३ हे वर्ष लक्षात ठेवा.

त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये लंडनला शर्ली नावाच्या एका पार्लमेंट सदस्याच्या पुढाकाराने 'केनेल क्लब' स्थापन झाला. पुढच्याच वर्षी, १८७४ मध्ये, क्लबाने पहिली वंशनोंदवही काढली. १८५९ पासूनच्या प्रदर्शनांत उतरलेल्या चार हजारांहून अधिक कुत्र्यांची त्यात नोंद होती. इथे आपण या मंडळींना न्याय दिला पाहिजे. वही काढण्यामागे शुद्ध रक्ताचा गर्व होता तसा प्रामाणिकपणाही होता. एकाच नावाची डझनभर कुत्री प्रदर्शनात असत, कोण कुणाचा बाप काही कळत नसे. त्यामुळे १८८० पासून प्रत्येक कुत्र्याला वेगळे नाव नोंदवण्याची पद्धत आली. म्हणजे कागद हा मुळात घेणाऱ्याच्या संरक्षणासाठी होता. 'हा कुत्रा तोच आहे' याची ती साक्ष होती. हे आपण विसरायचे नाही, शेवटी आपल्याला याच मुद्द्यावर परत यायचे आहे.

आता दुसरी वाट. त्याच १८७३ च्या ऑक्टोबरमध्ये वेल्समधल्या बाला या गावी मेंढपाळांच्या कुत्र्यांची स्पर्धा भरली. ब्रिटनमधली नोंदवलेली पहिली. मेंढरं डोंगरावर, मेंढपाळ खाली, कुत्र्याने ती वळवून आणायची. वेल्समध्ये येऊन राहिलेला एक स्कॉटिश मेंढपाळ जिंकला, त्याच्या कुत्र्याचे नाव ट्वीड. तिथे आईबापाची वही कुणी उघडली नाही. काम दाखव, एवढेच मागितले.

या दुसऱ्या वाटेतून पुढे १९०६ मध्ये मेंढपाळ कुत्र्यांची आंतरराष्ट्रीय संस्था निघाली. तिचीही नोंदवही आहे, पण तिची एक अट मोलाची आहे. वहीत आईबाप नसलेला कुत्रासुद्धा, काम उत्तम करत असेल तर, परीक्षा घेऊन आत घेता येतो. आज आपण ज्याला बॉर्डर कॉली म्हणतो तो या वाटेने घडला. लंडनच्या केनेल क्लबाने त्याला मान्यता दिली ती १९७६ मध्ये! म्हणजे शंभर वर्षे हा कुत्रा रूपाच्या मान्यतेवाचून बिनघोर जगला, आणि मेंढपाळांत त्याची कीर्ती होती.

उलट त्याच्या भाऊबंदांपैकी जो लांब केसांचा देखणा कॉली व्हिक्टोरिया राणीच्या नजरेत भरला, तो शहरात आला. शतक संपता संपता त्यातल्या नामांकित नरांच्या किमती हजार पौंडांच्या घरात गेल्या. दोघांचे पूर्वज एकाच डोंगरातले. एकाची किंमत पायांत होती, दुसऱ्याची केसांत.

गरिबांनी घडवलेल्या जाती

आता बेताच्या पैशाकडे वळू. आपल्याला सहसा वाटते की जातिवंत कुत्री ही श्रीमंतांची निर्मिती, आणि गरीब माणूस फक्त लांबून बघणारा. इतिहास याच्या उलट आहे.

आज सलूनमध्ये नेऊन केसांना रिबीन बांधतात तो यॉर्कशायर टेरियर घ्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात स्कॉटलंडचे विणकर कामाच्या शोधात यॉर्कशायरच्या गिरण्यांत आले. येताना आपले छोटे टेरियर घेऊन आले. ही कुत्री उंदीर मारत. गिरणीत आणि चाळीत ती उपयोगाची होती. तिथल्या इतर छोट्या कुत्र्यांशी त्यांची सरमिसळ झाली. हडर्सफील्ड बेन नावाचा एक नर १८६५ मध्ये जन्मला आणि १८७१ मध्ये गाडीखाली सापडून मेला. सहा वर्षांच्या आयुष्यात त्याने इतकी प्रदर्शनं गाजवली आणि इतकी पिल्लं दिली की या जातीचा मूळपुरुष तोच मानतात. मूळपुरुषाचे जन्मवर्ष आणि मृत्यूचे कारण ठाऊक असलेली 'अनादि' जात!

दुसरा दाखला व्हिपेटचा. उत्तर इंग्लंडमधल्या खाणकामगारांना ग्रेहाउंड परवडत नव्हता, तो जमीनदारांचा. त्यांनी लहान चणीची, वेगवान कुत्री जोपासली. लोक त्यांना गरिबाचा ग्रेहाउंड म्हणू लागले. रविवारी मोकळ्या जागेत शर्यत. एकाने कुत्रा धरायचा, मालकाने दोनशे यार्डांवर उभे राहून फडके हलवायचे, आणि कुत्रा त्या फडक्याकडे सुसाट. आठवडाभर तोच कुत्रा सशावर धावून घरच्या पातेल्याची सोय करायचा, आणि रात्री चुलीपाशी पोरांत झोपायचा.

यांनी हे केले कसे? पैसा तर नव्हता. त्यांच्यापाशी तीन गोष्टी होत्या. एक, शेजार. नर कुणाचा, मादी कशी, तिच्या आधीच्या वेताची पिल्लं कशी निघाली, हे सगळ्या गल्लीला ठाऊक असे. दोन, वाटा. नराच्या मालकाला पैसे द्यायचे नाहीत, वेतातले एक पिल्लू निवडून द्यायचे. आपल्याकडे शेळी वाट्याने देतात ना, तोच हिशेब. तीन, परीक्षा. कुत्रा धावतो का, उंदीर धरतो का, पोरांना चावत नाही ना, हे डोळ्यांनी बघता येई. शेजार, वाटा आणि परीक्षा या तिघांनी जे काम केले ते पुढे कागद करू लागला. आणि कागद आल्यावर काय झाले? व्हिपेट १८९० च्या सुमारास क्लबाच्या यादीत गेला, यॉर्कशायर टेरियर त्याआधीच गेला होता. नोंद झाली, दर चढले, आणि ज्यांनी जात घडवली त्यांच्याच नातवंडांना ती विकत घेताना विचार करावा लागला.

शुद्धतेची मागाहून येणारी बिले

वही बंद केली, म्हणजे बाहेरचे रक्त घ्यायचे नाही असे ठरवले, की आतल्या आतच जोड्या लागतात. एका गाजलेल्या नराची पिल्लं सगळ्यांना हवी असतात. चांगले गुण पक्के होतात, त्याबरोबर दोषही पक्के होतात.

डाल्मेशियन हा ठिपक्यांचा कुत्रा याचे लखलखीत उदाहरण आहे. या जातीत एक दोष सार्वत्रिक होऊन बसला. यूरिक अॅसिडचे शरीरात जसे रूपांतर व्हायला हवे तसे होत नाही, ते लघवीत जास्त उतरते, आणि खास करून नरांना मूतखडे होतात. सगळ्यांतच दोष, तर आतल्या आत उपाय कुठून येणार? अमेरिकेत रॉबर्ट शायबल या आनुवंशशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये एका डाल्मेशियनचा एका पॉइंटरशी, एकदाच, संकर केला. नंतर प्रत्येक पिढीत परत डाल्मेशियनशीच जोडी, फक्त निरोगी जनुक असलेली पिल्लं निवडायची. साधे गणित करा. दर पिढीला परक्याचा वाटा निम्मा होतो. दहा पिढ्यांत तो हजारात एकावर येतो. १९८१ मध्ये अमेरिकन केनेल क्लबाने अशा दोन कुत्र्यांची नोंद केली. डाल्मेशियनवाल्यांनी आक्षेप घेतला, नोंदी थांबल्या, आणि पुन्हा सुरू व्हायला २०११ साल उजाडले. तीस वर्षे! निरोगी पण हजारात एक भाग 'अशुद्ध' असा कुत्रा बरा, का आजारी पण 'शुद्ध' बरा, या प्रश्नावर शहाणी माणसे तीस वर्षे अडून बसली होती.

२००८ मध्ये बीबीसीने जातिवंत कुत्र्यांच्या आजारांवर एक माहितीपट दाखवला, तेव्हा ब्रिटनमध्ये मोठे वादळ उठले. 'क्रफ्ट्स' हे तिथले सगळ्यात मोठे प्रदर्शन, कुत्र्यांची बिस्किटे विकणाऱ्या कंपनीत नोकरी केलेल्या चार्ल्स क्रफ्टने १८९१ मध्ये या नावाने सुरू केलेले. ते २००९ पासून बीबीसीने दाखवणे बंद केले. त्याच वर्षी केनेल क्लबाने आई-मुलगा, बाप-मुलगी, सख्खी भावंडं अशा जोड्यांच्या पिल्लांची नोंद करणे थांबवले. म्हणजे तोवर ती होत होती.

एक गोष्ट जाता जाता, पण ती जड आहे. माणसांतही 'चांगली पैदास' करावी म्हणणारा युजेनिक्स हा शब्द १८८३ मध्ये फ्रान्सिस गाल्टनने बनवला. त्याच गाल्टनने १८९७ मध्ये आनुवंशिकतेचा आपला नियम तपासला तो बॅसेट हाउंड कुत्र्यांच्या वंशनोंदींवर. कुत्र्यांच्या वहीतून माणसांच्या वहीकडे जाणारी वाट इतकी जवळची होती. पुढे युरोपात त्याचे काय झाले ते जगाला ठाऊक आहे. आणि 'जात', 'शुद्ध', 'भेसळ' हे शब्द माणसांना लागले की काय होते, हे आपल्याला महाराष्ट्रात कुणी बाहेरून येऊन शिकवायला नको.

आपल्या दारात

इंग्रजांबरोबर ही वही भारतातही आली. आजच्या 'केनेल क्लब ऑफ इंडिया'ची मुळे १८९६ पर्यंत मागे जातात. पण वहीपेक्षा नावे लवकर पसरली, आणि नावांचा खेळ बघण्यासारखा आहे.

आपल्या आधीच्या पिढीत बंगल्याच्या फाटकावर 'अल्सेशियन' असायचा. हा मूळचा जर्मन शेफर्ड. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये 'जर्मन' शब्द नकोसा झाला, म्हणून तिथल्या क्लबाने त्याला अल्सेशियन म्हटले, आणि १९७७ मध्ये जुने नाव परत दिले. या सगळ्यात कुत्र्याच्या अंगावरचा एक केस बदलला नव्हता.

वाड्यांत आणि सोसायट्यांत पांढराशुभ्र, भुंकरा 'पॉमेरियन' असायचा. त्यातले बहुसंख्य खरे म्हणजे इंडियन स्पिट्झ, आपल्या हवेत रुळलेला, काटक, थोडक्यात भागवणारा प्रकार. १९९४ च्या 'हम आपके हैं कौन' मधला टफी त्यातलाच. लोकांनी त्याला पॉमेरियन समजून घेतले, पॉमेरियन समजून प्रेम केले. फसले का ते? कागदावर फसले. घरात मात्र त्यांना त्यांच्या पैशाला साजेसा, उत्तम कुत्रा मिळाला.

उलटे उदाहरण पगचे. २००३ मध्ये एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत मुलामागे चालणारा पग आला आणि घरोघरी पग हवा झाला. चपटे नाक, बाहेर आलेले डोळे. रूप गोड, पण त्याच रूपामुळे श्वासाचा त्रास, आणि आपला एप्रिल-मे त्याला सोसत नाही. पिल्लू परवडले तरी जनावरांच्या डॉक्टरचा खर्च आणि उन्हाळ्यातला कूलर पुढे दहा-बारा वर्षे परवडावा लागतो. ती किंमत जाहिरातीत नव्हती.

आणि मग आपला कारवानी. सोलापूर, सांगली, लातूरपासून सीमेपलीकडे उत्तर कर्नाटकापर्यंत खेडोपाडी जोपासलेला, लांब पायांचा, सडसडीत, नजरेने पाठलाग करणारा. मध्य आशियातून व्यापारी तांड्यांबरोबर आलेल्या कुत्र्यांशी त्याचे नाते सांगतात, 'कारवानी' हे नाव त्यावरूनच आले. मुधोळच्या मालोजीराव घोरपड्यांनी या कुत्र्यांची जोपासना केली, एक जोडी पंचम जॉर्ज बादशहाला भेट दिली, आणि तेव्हापासून 'मुधोळ हाउंड' हे नावही रूढ झाले. २००५ मध्ये त्याच्यावर टपाल तिकीट निघाले. पण हा कुत्रा पिढ्यान् पिढ्या टिकवला कुणी? कोरडवाहू गावातल्या, हातात फार पैसा नसलेल्या लोकांनी. त्यांची पद्धत यॉर्कशायरच्या विणकरांचीच : शेजार, वाटा, परीक्षा. आता ससे मारण्याला कायद्याने बंदी आहे, ती योग्यच आहे. पण त्यामुळे कामाची परीक्षा गेली, नाव मात्र गाजू लागले. अशा वेळी जे घडते ते आपण इंग्लंडमध्ये पाहिलेच आहे. आज त्याला लागणारे दर बघता त्याच खेड्यातला माणूस उद्या आपलाच कुत्रा घेऊ शकेल का, ही चिंता खरी आहे. आणखी एक. धावण्यासाठी घडलेला हा कुत्रा दोन खोल्यांत कोंडणे ही त्याच्यावर सक्ती आहे, भले तो स्वदेशी असो.

मग त्या घराने काय करावे?

आता आपण त्या घराकडे परत येऊ, ज्याला हा प्रश्न पडला होता. इतिहासाने हातात काय दिले?

पहिली गोष्ट. कागदाचे मूळ काम साक्ष देणे हे होते. पैसे मोजून कागद घेत असाल तर तो साक्ष देतो का ते पाहा. आई आणि बाप दोघांच्या नोंदी दाखवा म्हणावे, पिल्लाच्या मायक्रोचिपचा नंबर कागदावरच्या नंबराशी जुळवावा. "पेपर मागाहून येतील" असे कुणी म्हणाले, तर पेपरचे पैसेही मागाहून. आणि कुत्रा प्रदर्शनात उतरवायचा नाही, पैदास करायची नाही, असे ठरलेले असेल, तर कागदासाठी ऐपतीबाहेर जाण्याचे कारण उरत नाही.

दुसरी. गरिबांनी कागदाशिवाय जे केले ते आजही करता येते. पिल्लाची आई बघा, तिथेच, जिथे ती व्याली. ती कशी चालते, श्वास कसा घेते, परक्या माणसाशी कशी वागते ते बघा. आधीच्या वेताची पिल्लं ज्यांनी नेली त्यांच्याशी बोला. जो विक्रेता आई दाखवत नाही, रस्त्यात गाडीतून पिल्लू आणून देतो म्हणतो, त्याचा दर कितीही कमी असो, पैसे वाचत नाहीत. कायदाही आपल्या बाजूला आहे. २०१७ च्या केंद्र सरकारच्या नियमांप्रमाणे पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणिकल्याण मंडळाकडे नोंदणी करायची असते, आणि आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही. महिन्याभराचे पिल्लू 'जास्त गोजिरे' म्हणून कुणी हातात देत असेल, तर तिथून उठावे.

तिसरी. जातिवंत हवाच असेल तर लहान पिल्लूच हवे असे नाही. पाच-सहा महिन्यांचे न विकले गेलेले पिल्लू असते, पैदाशीतून निवृत्त केलेली चार-पाच वर्षांची मादी असते, मालकाची बदली झाली म्हणून निवाऱ्यात येऊन पडलेला लॅब्राडॉर असतो. त्यांची किंमत थोडी असते, कधी नसतेच. आणि त्यांचा स्वभाव घडलेला, समोर दिसणारा असतो. परीक्षा घेता येते.

चौथी गोष्ट स्वभावाचीच. "अमुक जात पोरांशी प्रेमळ, तमुक जात तापट" असे आपण छातीठोक बोलतो आणि त्या भरवशावर पैसे मोजतो. २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांचा अभ्यास आला. कुत्र्याकुत्र्यांमध्ये वागण्यात जो फरक दिसतो, त्यातला सरासरी ९ टक्क्यांच्या आसपासच भाग जातीवरून सांगता येतो, असे त्यात आढळले. रूप जातीवरून बरेच कळते, स्वभाव फार थोडा. मग स्वभावासाठी पैसे द्यायचे असतील तर ते त्या एका कुत्र्याकडे बघून द्यावेत.

आणि शेवटची, हिशेबाची. पिल्लाची किंमत एकदा द्यायची असते. लसी, खाणे, औषधपाणी ही किंमत त्याच्या आयुष्यभर द्यायची असते. बेताचा पैसा असलेल्या माणसाने हिशेब दुसऱ्या रकमेपासून मांडायला घ्यावा. ती जमत असेल तर पहिली कशी भागवायची याच्या वाटा आपण पाहिल्या. ती जमत नसेल तर फुकटचे पिल्लूही महाग पडते. आणि कोपऱ्यावरच्या गावठी कुत्रीच्या वेतातले एखादे पिल्लू मुलांनी उचलून आणले, तर 'जातिवंत नाही' एवढ्याच कारणाने त्याला परत पाठवू नये. जातिवंत म्हणवणाऱ्यांच्या वह्या कधी आणि कशा सुरू झाल्या, ते आता आपल्याला माहीत आहे.

कीझच्या यादीतला चाक फिरवणारा कुत्रा आपण पाहिला. उपाधी गेली, नाव गेले. घरात जो कुत्रा राहतो त्याचेही काम आहे : दारात वाट बघणे, मुलांबरोबर वाढणे, आजारी माणसाच्या पायाशी बसणे. हे काम तो कुठल्याही वहीत नाव नसताना करतो. आपल्या त्या दोन खोल्यांतल्या घराने पैसे द्यायचेच असतील तर या कामासाठी द्यावेत, आणि निवडही ते काम बघूनच करावी.

इथे आपण थांबू.